बिल बनेना, फाइल वाढेना: एसक्यूएल सर्व्हरची जागा नेमकी कुठे अडते

इंदूरात सियागंजातली किराण्याची ठोक पेढी असो की दवा बाजारातलं औषधांचं दुकान, तक्रार बहुधा एकाच शब्दांत येते: "भाऊ, रिपोर्ट दिसतोय, पण बिल सेव्ह होत नाहीये." हे वाक्य नीट ऐकून घ्यावं, कारण अर्धं निदान त्यातच आहे. वाचता येतंय म्हणजे सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर, ज्यात बिलिंग प्रोग्रामचा डेटा साठतो) चालू आहे, नेटवर्क ठीक आहे, डेटाबेस उघडा आहे. लिहिता येत नाहीये, कारण लिहायला जागा हवी आहे आणि ती मिळत नाहीये. डेटाबेसच्या फाइलला वाढायचं आहे आणि तिला कुणीतरी अडवलंय. कोण अडवतंय हे शोधायचं.

पुढचा प्रश्न लगेच विचारा: जुन्या बिलात दुरुस्ती होते का? नवं बिल होत नाही पण जुन्यातला एखादा आकडा बदलता येतो, असं असेल तर डेटा फाइल भरलेली असण्याची शक्यता जास्त. काहीच लिहिलं जात नसेल, अगदी एक ओळ पुसताही येत नसेल, तर ट्रान्झॅक्शन लॉग, म्हणजे प्रत्येक बदल आधी जिथे लिहिला जातो ती वेगळी फाइल, भरलाय. हा फरक इथेच कळला पाहिजे, कारण घाबरलेला माणूस पहिल्यांदा जुन्या नोंदी डिलीट करायला बसतो. डिलीट केलेली प्रत्येक ओळसुद्धा आधी लॉगमध्ये लिहिली जाते. लॉग भरलेला असताना डिलीट करणं म्हणजे त्याच बंद दारावर धक्के मारणं.

दुसरी सवय म्हणजे सर्व्हर रिस्टार्ट करणं. कधीकधी त्याने गाडी चालूही होते. टेम्पडीबी, म्हणजे सर्व्हरचा तात्पुरत्या कामाचा डेटाबेस, दर सुरुवातीला नव्याने बनतो, अडकलेलं ट्रान्झॅक्शन (एकत्र पूर्ण किंवा एकत्र रद्द होणारा व्यवहार) मागे फिरतं आणि थोडी जागा सुटते. पण मूळ कारण तिथेच राहतं. शिवाय एसक्यूएल सर्व्हर दर रिस्टार्टला नवा एरर लॉग (चुकांची नोंदवही, वरच्या ट्रान्झॅक्शन लॉगहून वेगळी) उघडतो आणि ठरलेल्या मांडणीत चालू लॉग सोडून फक्त मागचे ६ ठेवतो. सकाळपासून सात वेळा रिस्टार्ट झाला असेल तर पहिली, खरी चूक ज्या लॉगमध्ये नोंदली होती तो गेला. म्हणून आधी एरर लॉगची प्रत दुसरीकडे ठेवा, मग बाकीचं.

आकडा वाचा, मजकूर नंतर

प्रोग्राम पडद्यावर जो संदेश दाखवतो त्याचा फार उपयोग नसतो. कित्येक प्रोग्राम फक्त "डेटा सेव्ह होऊ शकला नाही" एवढंच म्हणतात. मॅनेजमेंट स्टुडिओत (सर्व्हर सांभाळायचा मायक्रोसॉफ्टचा प्रोग्राम) मॅनेजमेंटखाली एसक्यूएल सर्व्हर लॉग्स उघडा आणि हे आकडे शोधा. ११०५ म्हणजे डेटाच्या फाइलग्रुपमध्ये (डेटा फाइल्सच्या गटात) जागा मिळाली नाही. ९००२ म्हणजे ट्रान्झॅक्शन लॉग भरला. ५१४९ म्हणजे फाइल वाढवायला गेल्यावर विंडोजने नकार दिला, आणि त्याच संदेशात विंडोजचा स्वतःचा कोड असतो, तोही टिपून घ्या. ५१४४ म्हणजे वाढ सुरू झाली पण मध्येच रद्द झाली किंवा वेळ संपली. ५१४५ म्हणजे वाढ झाली, पण फार वेळ लागला. या शेवटच्याकडे कुणी बघत नाही, कारण तेव्हा काम थांबलेलं नसतं. खरं तर ५१४४ येण्याआधी कित्येक दिवस ५१४५ येत असतो.

त्यानंतर 'सिस डॉट डेटाबेस फाइल्स' हा सिस्टिम व्ह्यू त्या डेटाबेसमध्ये उभं राहून बघा. साइझचा कॉलम ८ केबीच्या पानांत असतो, १२८ ने भागलं की एमबी मिळतात. ग्रोथचा कॉलम शून्य असेल तर त्या फाइलची वाढ मुळात बंदच आहे. मॅक्स साइझमध्ये उणे एक असेल तर मर्यादा नाही. लॉगसाठी २६,८४,३५,४५६ असा मोठा आकडा दिसतो, तो बघून दचकू नका. ती २ टीबीची नेहमीची मर्यादा आहे. पण तिथे एखादा छोटा गोल आकडा दिसला, तर कधीकाळी कुणीतरी हाताने मर्यादा घातलेली आहे. ती काढली की काम झालं.

डिस्कच भरली असेल तर

विंडोजचा कोड ११२ असेल तर डिस्कवर जागा नाही, सरळ गोष्ट. बहुतेक लहान पेढ्यांवर एसक्यूएल सर्व्हर नेक्स्ट-नेक्स्ट करत बसवलेला असतो, त्यामुळे डेटा, लॉग, टेम्पडीबी, बॅकअप सगळं सी ड्राइव्हवर एकत्र नांदतं. जागा खाणारे ठरलेले आहेत: रोजचा बॅकअप जो कुणी कधी पुसलाच नाही, एसक्यूएलच्या लॉग फोल्डरमधल्या डंप फाइल्स, वेब सर्व्हर असेल तर त्याचे लॉग, आणि विंडोजच्या शॅडो कॉपीला राखलेली जागा. बॅकअप आधी बाहेरच्या डिस्कवर नेऊन, तिथे तपासून, मगच इथून काढा.

दोन गोष्टी मात्र चुकूनही करू नका. एक, एलडीएफ, म्हणजे ट्रान्झॅक्शन लॉगची फाइल, "लॉगच तर आहे" म्हणून पुसणं. ती नोंदवही नाही, डेटाबेसचा अर्धा जीव आहे. अर्धवट राहिलेले व्यवहार त्यातच असतात आणि ती गेली तर डेटाबेस सुसंगत स्थितीत परत उठेल याची हमी नाही. दोन, ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये जागा वाचवायला कॉम्प्रेस करायची खूण लावणं. लिहिता येणारी डेटा फाइल एनटीएफएसने कॉम्प्रेस केलेली असेल तर एसक्यूएल सर्व्हर ती उघडायलाच नकार देतो, ५११८ हा आकडा देऊन. आता बिल नाही आणि रिपोर्टही नाही.

व्हर्च्युअल मशीन असेल तर आतून दिसणाऱ्या मोकळ्या जागेवर विश्वास ठेवू नका. थिन डिस्कवर (जी लागेल तशीच खरी जागा घेते) पाहुण्या विंडोजला २०० जीबी मोकळे दिसतात आणि खाली होस्टवर, म्हणजे खऱ्या संगणकावर, जागा संपलेली असते. तिथे मशीनच थांबतं, एरर लॉगमध्ये काही येतही नाही.

एक छोटी तजवीज मला फार उपयोगी वाटते. डेटाच्या ड्राइव्हवर विंडोजमधल्या एफएसयूटिलच्या 'फाइल क्रिएटन्यू' कमांडने २ जीबीची रिकामी फाइल करून ठेवा, नाव असं द्या की तिचं काम कळेल. डिस्क गच्च भरली की ती पुसायची. श्वास घ्यायला जागा मिळते आणि शांतपणे पुढचं करता येतं.

एक्सप्रेसची भिंत

डिस्कवर शंभर जीबी मोकळे, मॅक्स साइझ अमर्याद, तरीही ११०५ किंवा १८२७. अशा वेळी एडिशन बघा. फुकट मिळणाऱ्या एक्सप्रेसमध्ये प्रत्येक डेटाबेसच्या डेटाला मर्यादा आहे. २००५ आणि २००८ मध्ये ती ४ जीबी होती, २००८ आर२ पासून १० जीबी झाली, म्हणजे १०,२४० एमबी. २०२५ च्या आवृत्तीत ती ५० जीबीवर नेली आहे. लॉग फाइल या हिशेबात धरत नाहीत. दुसरी डेटा फाइल जोडून ही भिंत ओलांडता येत नाही, कारण सगळ्या डेटा फाइल्सची बेरीज मोजली जाते.

मर्यादा डेटाबेसमागे आहे, सर्व्हरमागे नाही, हे मात्र आपल्या फायद्याचं. मागच्या वर्षांचे व्यवहार दुसऱ्या डेटाबेसमध्ये हलवता येतात. औषधांच्या दुकानात स्कॅन केलेल्या चिठ्ठ्या आणि बिलांच्या प्रतिमा टेबलात कोंबलेल्या असतात, त्या बाहेर काढल्या तर निम्मी जागा सुटल्याचं दिसू शकतं. २०१६ च्या एसपी१ (सर्व्हिस पॅक १) पासून एक्सप्रेसमध्येही पेज कॉम्प्रेशन (टेबलातला डेटा आवळून ठेवणं) मिळतं, ते मोठ्या जुन्या टेबलांवर लावावं. आणि वापरात नसलेले इंडेक्स काढावेत. कुठल्या टेबलाने किती खाल्लं हे डेटाबेसवर उजवं बटण दाबून रिपोर्ट्समधल्या 'डिस्क यूसेज बाय टॉप टेबल्स' मध्ये दिसतं. अंदाजाने काही पुसण्यापेक्षा तिथे दोन मिनिटं घालवा.

वेळ संपते, जागा नाही

हा प्रकार सगळ्यात फसवा आहे आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळा चुकीचा ओळखला जातो. डिस्कवर भरपूर जागा आहे, मर्यादा कुठलीच नाही, तरी काम अडतं. काही वेळाने आपोआप सुटतं, मग परत अडतं.

आकड्यांत बघू. लॉग फाइल ४० जीबी झालेली आहे. जुन्या मांडणीप्रमाणे तिची वाढ १० टक्के ठेवलेली आहे. म्हणजे पुढची पायरी ४ जीबी, ४,०९६ एमबी. लॉग वाढवताना सर्व्हर ती सगळी जागा शून्यांनी भरतो, त्यापासून सुटका नाही. जुनी फिरती डिस्क सेकंदाला १०० एमबी लिहीत असेल तर ४१ सेकंद लागणार. डॉट नेटमधल्या प्रोग्रामचा कमांड टाइमआउट, कुणी बदलला नसेल तर, ३० सेकंदांचा असतो. तिसाव्या सेकंदाला प्रोग्राम "रद्द" म्हणतो. ज्या बिलामुळे वाढ सुरू झाली तेच रद्द झालं, म्हणून वाढही मागे फिरते. ५१४४ नोंदला जातो. पुढच्या काउंटरवरचं बिल तीच वाढ पहिल्यापासून सुरू करतं, आणि तेही तिसाव्या सेकंदाला मरतं. दहा काउंटर असतील तर दहाही रांगेत उभे, कारण लॉग वाढत असताना त्या डेटाबेसमधलं सगळं लिखाण थांबलेलं असतं. डिस्कचा दिवा सतत लुकलुकतोय, आणि फाइलचा आकार मात्र एक केबीही वाढलेला नाही.

यावर लगेचचा उपाय सोपा आहे. मॅनेजमेंट स्टुडिओच्या क्वेरी विंडोला स्वतःचा टाइमआउट नसतो. तिथून 'आल्टर डेटाबेस, मॉडिफाय फाइल' ने त्या फाइलचा आकार हाताने वाढवा. जी वाढ ३० सेकंदांत होऊ शकत नव्हती ती तिथे मिनिटभरात होऊन जाते आणि रांग सुटते. मग लगेच टक्केवारी काढून ठरावीक एमबी द्या. टक्क्यांतली वाढ फाइलबरोबर स्वतःही मोठी होत जाते, हाच तिचा दोष आहे.

डेटा फाइलसाठी याहून चांगला उपाय आहे, इन्स्टंट फाइल इनिशियलायझेशन. सर्व्हिसच्या खात्याला 'परफॉर्म व्हॉल्यूम मेंटेनन्स टास्क्स' हा हक्क दिला की डेटा फाइल शून्य न भरता क्षणात वाढते. लोकल सिक्युरिटी पॉलिसी, लोकल पॉलिसीज, यूजर राइट्स असाइनमेंट या वाटेने तो देता येतो. त्यानंतर एसक्यूएलची सर्व्हिस रिस्टार्ट करावी लागते, दुपारच्या गर्दीत नको. २०१६ पासून बसवतानाच त्याची चौकट असते, पण ती सहसा रिकामीच सोडली जाते. लॉगला हा फायदा मिळत नाही. फक्त २०२२ पासून लॉगची ६४ एमबीपर्यंतची आपोआप वाढ यात बसते. म्हणून २०२२ किंवा पुढची आवृत्ती असेल तर लॉगची पायरी ६४ एमबीच राहू द्या.

लहान पायरीचंही दुखणं

टक्केवारी वाईट म्हणून कुणी १ एमबी ठेवत असेल तर तेही नको. २०१४ पर्यंत डेटा फाइलची मूळ मांडणी १ एमबीच होती. २०१६ मध्ये ती ६४ एमबी झाली, पण सर्व्हर अपग्रेड केल्याने जुन्या डेटाबेसची मांडणी बदलत नाही. १ एमबीच्या पायरीने ८० जीबीपर्यंत पोचलेल्या फाइलने ८० हजारांहून जास्त वेळा विंडोजकडे जागा मागितलेली असते. तुकडे डिस्कभर विखुरतात. एनटीएफएसला एका फाइलच्या तुकड्यांची यादी ठेवण्याची हद्द आहे. ती आली की विंडोजचा कोड ६६५ येतो, "फाइल सिस्टिमची मर्यादा". हा बहुधा रात्री, डीबीसीसी चेकडीबी (डेटाबेस शाबूत आहे का याची तपासणी) चालू असताना दिसतो, कारण तो तपासणीसाठी जी लपलेली स्नॅपशॉट फाइल करतो ती अशी तुकड्यांची असते.

६६५ वर जागा मोकळी करून काही होत नाही. बॅकअप घ्या, डेटाचा ड्राइव्ह ६४ केबी क्लस्टरने आणि फॉरमॅट कमांडला एल हा स्विच देऊन फॉरमॅट करा, मग रीस्टोर करा. त्या स्विचने फाइलच्या नोंदीला मोठी जागा मिळते आणि हद्द दूर जाते.

लॉगच्या बाबतीत लहान पायऱ्यांचा त्रास वेगळा. प्रत्येक वाढीत आतले छोटे भाग, व्हीएलएफ, तयार होतात. ते हजारोंनी झाले की सर्व्हर सुरू होताना डेटाबेस 'इन रिकव्हरी' वर बराच वेळ अडकतो. शेकड्यांत असतील तर काळजी नाही.

९००२: लॉग का रिकामा होत नाही

इथे फाइल वाढवणं हा उपाय नाही, वेळ मिळवणं आहे. 'सिस डॉट डेटाबेसेस' मधला 'लॉग रीयूज वेट डेस्क' हा कॉलम बघा, लॉग कशासाठी थांबलाय हे तोच सांगतो.

तिथे 'लॉग बॅकअप' असेल तर डेटाबेस फुल रिकव्हरी मॉडेलमध्ये (लॉगचा बॅकअप होईपर्यंत लॉग राखून ठेवणारी मांडणी) आहे आणि लॉगचा बॅकअप कुणी घेत नाहीये. एक गोष्ट बऱ्याच जणांना कोड्यात टाकते: वर्षभर लॉग शांत होता, आणि बॅकअप सुरू केल्यावरच फुगायला लागला, असं कसं? फुल मॉडेलमधला डेटाबेस पहिला पूर्ण बॅकअप होईपर्यंत सिंपल मॉडेलसारखाच वागतो, म्हणजे लॉगमधली जागा आपोआप पुन्हा वापरतो. पहिला पूर्ण बॅकअप झाला की लॉग बॅकअपची साखळी सुरू होते आणि मग लॉगचा बॅकअप घेतल्याशिवाय आतली जागा पुन्हा वापरली जात नाही. रोज रात्री पूर्ण बॅकअप घेतल्याने लॉग रिकामा होत नाही, हे सांगून थकावं इतके लोक तसं समजतात.

म्हणून ठरवा. दुपारी चारला डिस्क गेली तर सकाळपासूनची बिलं परत हवीत का? क्लॉथ मार्केटातल्या मोठ्या पेढीला हवीच असतील. मग फुल मॉडेल आणि दर १५ ते ३० मिनिटांनी लॉग बॅकअप, तोही दुसऱ्या डिस्कवर. कालच्या रात्रीपर्यंतचं चालणार असेल तर सिंपल मॉडेल करा आणि मोकळे व्हा. फुल ठेवून लॉग बॅकअप न घेणं हा मधला रस्ता नाही, त्यात तोटे दोन्हीकडचे आहेत. अडचणीच्या वेळी सिंपलवर नेऊन परत फुल केलंत तर साखळी तुटते, लगेच पूर्ण किंवा डिफरन्शियल (मागच्या पूर्ण बॅकअपनंतरच्या बदलांचा) बॅकअप घ्या.

'अॅक्टिव्ह ट्रान्झॅक्शन' दिसलं तर 'डीबीसीसी ओपनट्रॅन' चालवा, सगळ्यात जुनं उघडं ट्रान्झॅक्शन कळतं. काही प्रोग्राम बिलाची खिडकी उघडताच ट्रान्झॅक्शन सुरू करतात. एखादा कारकून अर्धं बिल तसंच ठेवून जेवायला गेला तर त्या क्षणापासूनचा सगळा लॉग अडून राहतो. त्या टेबलाशी जाऊन खिडकी बंद करा. मार्चअखेरच्या बंद नोंदी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये होत असतील तर ते किल (बळजबरीने बंद) करायची घाई करू नका. मागे फिरायलाही वेळ लागतो, आणि तेव्हा सर्व्हर रिस्टार्ट केला तर तीच मागे फिरण्याची क्रिया डेटाबेस बंद ठेवून पूर्ण होते. डिस्कच भरलेली असेल तर दुसऱ्या ड्राइव्हवर तात्पुरती दुसरी लॉग फाइल जोडा, काम होऊ द्या, नंतर ती रिकामी झाली की काढा.

मग लॉग एकदा लहान करायला हरकत नाही. पहिल्या श्रिंकने बऱ्याचदा काही होत नाही, कारण चालू भाग फाइलच्या शेवटी असतो. पुन्हा लॉग बॅकअप घेऊन पुन्हा श्रिंक करा, आणि लगेच योग्य आकारावर एका झटक्यात वाढवून ठेवा. डेटा फाइलचा श्रिंक आणि ऑटो श्रिंक मात्र माझ्या मते बंदच असावेत. इंडेक्स विस्कटतात, आणि जी जागा काढली तीच पुढच्या आठवड्यात परत मागितली जाते.

टेम्पडीबीबद्दल थोडक्यात. महिन्याच्या १० ते ११ तारखेला जीएसटीआर-१ साठी सगळे एकदम मोठे रिपोर्ट काढतात, त्या वर्गवाऱ्या टेम्पडीबीत होतात. तो नेहमी त्या दोन दिवसांत जिथवर पोचतो तोच त्याचा सुरुवातीचा आकार ठेवा, नाहीतर प्रत्येक रिस्टार्टनंतर तो पुन्हा लहानाचा मोठा होत बसेल.

आकार ठरवताना

आपोआप वाढ ही अडीनडीसाठी असते. फाइल आपल्या हाताने, दुकान बंद झाल्यावर वाढवायची. ढोबळ म्हणून: १० जीबीपर्यंतच्या डेटा फाइलला २५६ एमबीची पायरी, १०० जीबीच्या आसपास ५१२ एमबी ते १ जीबी, इन्स्टंट इनिशियलायझेशन चालू असेल तर. २०२२ च्या आधीच्या आवृत्तीत लॉगला २५६ एमबी, जुनी फिरती डिस्क असेल तर १२८. पुढच्या वर्षभराची वाढ आधीच देऊन ठेवता येत असेल तर द्या. ड्राइव्हवर किमान १५ टक्के जागा मोकळी राहू दे, म्हणजे पुढच्या कित्येक पायऱ्यांची सोय राहते.

एक्सप्रेसमध्ये एजंट (ठरल्या वेळी कामं चालवणारा भाग) नाही आणि डेटाबेस मेलही नाही. त्यामुळे लॉग बॅकअप आणि जागेची तपासणी विंडोजच्या टास्क शेड्यूलरमधून, एसक्यूएलसीएमडीच्या बॅच फाइलने चालवावी लागते. पॉवरशेलच्या छोट्या स्क्रिप्टने ईमेल पाठवता येतो. १० जीबीची मर्यादा असेल तर डेटा ९,००० एमबी झाला की इशारा यावा, १०,२४० ला नव्हे. अँटिव्हायरसच्या तपासणीतून एमडीएफ व एनडीएफ (डेटा), एलडीएफ (लॉग) आणि बॅकअपच्या फाइल्स वगळा.

आणि १ एप्रिलला नव्या वर्षाची कंपनी उघडली की तिची वाढीची मांडणी त्याच दिवशी बघा. कित्येक बिलिंग प्रोग्राम नवा डेटाबेस स्वतःजवळच्या जुन्या बॅकअपमधून रीस्टोर करून बनवतात. अशा वेळी सर्व्हरच्या मॉडेल डेटाबेसमध्ये (नव्या डेटाबेसच्या साच्यात) तुम्ही केलेले बदल त्याला लागू होत नाहीत, आणि १ एमबी व १० टक्के जसेच्या तसे परत येतात.